नसूदे मावशींची हुग्गी

मावशींना एखादा पदार्थ कसा करायचा म्हणून विचारलं, तर सरळ उत्तर कधी मिळालं नाही. आधी त्यांची उलटतपासणी व्हायची. "घरात काय हाय ते सांग की आधी." मग आपण आपल्या डब्यांची नावं घ्यायची, कशाच्या तळाशी काय उरलंय ते सांगायचं, आणि जे नाही त्यावर मावशींचं उत्तर ठरलेलं असायचं, "नसू दे की!" नारळ नाही? नसू दे की, शेंगदाण्याचं कूट घाल. शेंगदाणे खवट झालेत? नसू दे की, तीळ भाज. तीळही नाहीत म्हटलं तरी त्या डगमगायच्या नाहीत, कांदा भाजून वाटायला सांगायच्या. त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर तेवढं होतं. परळच्या आमच्या चाळीत त्या सगळ्यांच्याच नसूदे मावशी होत्या.

मी मूळची गिरगावातली. माझ्या आईच्या स्वयंपाकघरात वाटीचमच्याचा मोठा दरारा होता. मीठ चिमूटभर जास्त पडलं तर आई दिवसभर त्याचं सुतक पाळायची. लग्न होऊन परळला आले तेव्हा मी अठरा-एकोणीस वर्षांची होते आणि मला स्वयंपाक येतो असा माझा समज होता. सासूबाई मालवणच्या. त्यांचा हात सढळ आणि जीभ त्याहून सढळ. एक दिवस त्या लालबागला बाजाराला गेल्या आणि जाताना मला डाळ करून ठेवायला सांगून गेल्या. डाळ शिजवली, डबा उघडला तर आमसूल नाही. आईनं शिकवलेल्या डाळीत आमसूल होतं, त्यामुळे पुढे काय करायचं ते मला सुचेना. मी चक्क रडत बसले.

शेजारच्या खोलीतून मावशी आल्या. उंच, हाडापेरानं मजबूत बाई, कपाळावर आडवं कुंकू. "रडालीस कशाला गं?"

"आमसूल नाही."

"म्हणून रडायचं? चिंच बघ की."

"चिंचही नाही."

"नसू दे की. ताक हाय काय?"

वाटीभर आंबट ताक निघालं. मावशींनी मला लसूण ठेचायला लावला, फोडणी करायला लावली, आणि सगळं एकत्र करून पातेलं उतरवायला लावलं. स्वतः त्यांनी कशालाच हात लावला नाही. सासऱ्यांनी त्या दिवशी दोनदा वाढून घेतलं आणि ह्या पदार्थाला काय म्हणतात म्हणून विचारलं. मी मावशींना विचारायला गेले. त्या म्हणाल्या, "नाव कशाला पायजे? पोटात गेलं न्हवं?"

मावशींचे यजमान गिरणीत साचेखात्यात, मागांवर होते. मूलबाळ नव्हतं. त्यांचं माहेर निपाणीच्या बाजूला, आणि बोलणंही तिकडचंच. चाळीत कोकणातले, घाटावरचे, आणि आमच्यासारखे मिसळलेले लोक होते, आणि प्रत्येकाला आपल्याच घरचं जेवण खरं वाटायचं. मावशींना मात्र प्रत्येकाचंच खरं वाटायचं. त्यांनी तळमजल्यावर सांगितलेला डाळकांदा वरच्या गॅलरीत पोचेपर्यंत त्याचं रूप पालटलेलं असायचं. एका घरात तो नुसता तिखटजाळ, दुसऱ्या घरात आजारी माणसासाठी पातळ आणि फिका. एका मास्तरांकडे चातुर्मासात कांदा चालत नाही म्हणून त्यांच्या बायकोनं डाळकांद्यात कोबी घातला. मी हसत हसत मावशींना जाऊन सांगितलं की तुमच्या डाळकांद्यात आता कांदाच उरलेला नाही. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. "कुणाचं पोट बिघडलं काय? न्हाई न्हवं? मग बरोबर केलंय तिनं."

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. चाळीतले पुरुष मोर्च्याला जायचे, बायकाही जायच्या. संध्याकाळी गॅलरीत उभं राहिलं की लालबागच्या बाजूनं घोषणा ऐकू यायच्या आणि कधी कधी अश्रुधुरानं डोळे चुरचुरायला लागायचे. मग खिडक्या लावून घ्यायच्या आणि ओली फडकी तोंडावर धरायची. संचारबंदी लागली की दुकानं बंद, दूध नाही, भाजी नाही. अशा एका दिवशी मावशींनी गॅलरीत शेगडी आणून ठेवली आणि सगळ्यांना हाक मारली, "ज्याच्याकडं जे हाय ते आणा." कुणी मूठभर मूग आणले, कुणी अर्धा भोपळा, कुणी सुकट आणली ती मावशींनी हळूच बाजूला ठेवली आणि तिची वेगळी चटणी केली, म्हणजे न खाणाऱ्यांची अडचण नको. सगळं एका हंड्यात शिजलं. त्या आमटीला आम्ही संचारबंदीची आमटी म्हणू लागलो. पुढे संचारबंदी उठली, पण आमटी राहिली. आमच्या चाळीतून दादर, डोंबिवलीला गेलेल्या कितीतरी घरांत ती अजून होते, आणि प्रत्येक घराला वाटतं की मूळची आमटी आपलीच.

ह्या सगळ्या मोकळेपणाला एकच अपवाद होता. तो म्हणजे हुग्गी. मावशींच्या माहेरचा हा पदार्थ. भिजवून कांडलेला गहू मऊ शिजवायचा, त्यात गूळ, खसखस, खोबरं, वेलदोडा. आम्हा मुंबईकरांना ती गव्हाची खीर वाटायची. गहू नसेल तर लापशीचा रवा चालेल, खसखस नसेल तर नसू दे, खोबरंही नसू दे. पण एकदा मी म्हटलं, "गूळ संपलाय, साखर घालू का?" तर मावशींनी माझा हातच धरला. "साखर घातलीस तर ती खीर. हुग्गी न्हवं. गुळाला दुसरं काही न्हाई गं." मावशींच्या तोंडून एखाद्या जिनसाला पर्याय नाही हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

तो गूळ त्यांच्या भावाच्या गुऱ्हाळातला असायचा. गावाकडचा गणपा नावाचा एकजण गिरणीत होता, तो दर वर्षी सुटीवरून परतताना पाठीवर ढेप घेऊन यायचा. मावशी ती फोडून घरोघरी वाटायच्या. हुग्गी केली की पहिली वाटी आमच्याकडे. आणि मग माझ्यासमोर उभं राहून, "चाखून सांग बघू, गोड पुरेसं झालंय काय?" मला वाटायचं, काय ह्या बाई, हातात डाव आहे, स्वतः का चाखून बघत नाहीत?

त्याचं कारण सासूबाईंना ठाऊक होतं. राज्यांच्या नव्या सीमा आखल्या गेल्या तेव्हा मावशींचं माहेर म्हैसूर राज्यात गेलं. त्यांच्या भावानं गावच्या देवळाच्या पायरीवर वहाणा काढून ठेवल्या आणि सांगितलं की गाव महाराष्ट्रात येईपर्यंत अनवाणी राहीन. तो पुढे सत्याग्रहातही जाऊन आला. तो अनवाणी चालतोय म्हटल्यावर मावशींनी गूळ सोडला. गूळ म्हणजे माहेर, हे त्यांनी काही बोलून दाखवलं नव्हतं, पण दुसरं सोडण्यासारखं त्यांच्याकडे काय होतं? सासूबाईंना त्यांनी एवढंच सांगितलं की माझं गाव आलं की खाईन. सासूबाईंनी ते खालच्या मजल्यावर सांगितलं, तिथून ते वर गेलं, आणि मावशींच्या पाककृतींचं व्हायचं तेच त्या नवसाचंही झालं. जो तो आपल्या घराला मानवेल तसं त्यात बदल करत गेला. माझ्यापर्यंत पोचेपर्यंत नवस असा झाला होता की महाराष्ट्र झाला की मावशी गूळ खाणार. सासूबाईही आता तसंच म्हणायच्या. मला तो फार आवडला होता. आपल्या सगळ्यांच्या वतीनं मावशी गूळ सोडून बसल्यात, असंच चाळ समजत होती.

आणि महाराष्ट्र झाला. मे महिन्याच्या त्या पहिल्या दिवशी परळमध्ये जे होतं ते मला आता सांगता येणार नाही. गॅलऱ्यांना तोरणं, दारादारात रांगोळ्या, पुरुषांच्या अंगावर गुलाल, लेझीम. लाठ्या खाल्लेले लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. बायकांनी ठरवलं की चाळीसाठी हुग्गी करायची आणि ती मावशींनीच करायची. मावशी एका शब्दानं नाही म्हणाल्या नाहीत. घराघरांतून गहू आला, भावाकडची अख्खी ढेप फुटली. मोठ्या हंड्यात मावशी डाव फिरवत बसल्या होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला चाखायला लावत होत्या. चेहरा हसरा. मी तो चेहरा नंतर पुष्कळदा आठवून पाहिला आहे. त्या हसत होत्या हे खरं आहे.

वाढायच्या आधी सासूबाईंनी मोठ्या हौसेनं वाटीत हुग्गी घेतली, वर तूप घातलं आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं, "अगो इकडे येवा! मावशीचो नवस फिटलो! पयलो घास तिचो!" बायका भोवती जमल्या. मावशी मागे सरकल्या. म्हणाल्या, "नको, नको. बेळगाव, निपाणी, तिकडचं सगळं ऱ्हायलंय की अजून."

सासूबाई आनंदाच्या भरात होत्या. "नाय इलां तर नसू दे की, मावशी! तुमचोच शब्द मां तो? उघडा तोंड!"

सगळ्याजणी खो खो हसल्या. इतकं नेमकं जागच्या जागी मावशींचंच बोलणं त्यांच्यावर उलटवल्यावर हसू येणारच. कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं. मावशींनी एकदा आम्हा सगळ्यांकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं. सासूबाईंनी चमचा त्यांच्या तोंडात घातला. मावशींनी घास गिळला. "कशी झालीहा?" सासूबाईंनी विचारलं. मावशी म्हणाल्या, "गोड झालीय." मग हात धुऊन येते म्हणून त्या खोलीत गेल्या त्या पंगत उठेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. दिवसभर चुलीपुढे बसून दमल्या असतील, असं म्हणून आम्ही त्यांचं पान झाकून ठेवलं.

त्यानंतर मावशी बदलल्या. एकदम नाही, आणि बाहेरच्या माणसाला कळावं असंही नाही. मी कशाला तरी गेले आणि म्हटलं, "मावशी, भरल्या वांग्याला खोबरं नाहीये." मी कान देऊन 'नसू दे की'ची वाट पाहत उभी राहिले. त्या तांदूळ निवडता निवडता, वर न बघता म्हणाल्या, "न्हाई न्हवं? मग आज वांगी करू नको. दुसरं काहीतरी कर." मला वाटलं, तब्येत बरी नसेल. पण मास्तरीणबाईंनाही तसंच उत्तर मिळालं, खालच्या शिंदे वहिनींनाही. हळूहळू बायका त्यांना विचारायच्या बंद झाल्या. मावशींना विचारून काही हाती लागत नाही, असं बोललं जाऊ लागलं. ज्या बाईनं आम्हा सगळ्यांना नसलेल्या जिनसांचा स्वयंपाक शिकवला तिच्याबद्दल हे बोलणं मी माझ्या कानांनी ऐकलं.

पुढे मावशींच्या यजमानांना छातीचा त्रास सुरू झाला आणि त्यांनी गिरणी सोडली. दोघं तिकडे गावी, भावाच्या घरी राहायला जाणार असं ठरलं. मी आवराआवर करायला गेले. भिंतीवरची फळी रिकामी झाली होती, डबे एका पोत्यात. मावशी ट्रंकेवर बसल्या होत्या. मी धीर करून विचारलं, "मावशी, हल्ली तुम्ही 'नसू दे' म्हणत नाही. आमचं काही चुकलं का?"

त्यांनी हातातलं फडकं घडी करून मांडीवर ठेवलं. "महाराष्ट्र झाला गं. चांगलंच झालं. पण माझं गाव न्हाई आलं. माझा नवस गावाचा होता."

मला तेव्हा कळलं. मी त्यांच्यासमोर खालीच बसले. "मग तुम्ही थुंकून का नाही टाकलंत?"

"सगळ्या हसालत्या. टाळ्या वाजवालत्या. एकीचा पोरगा मार खाऊन आलेला, एकीचा नवरा तुरुंगात जाऊन आलेला. त्यांच्या असल्या दिवशी मी थुंकू व्हय?" मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "ते असू दे. दुसरंच सांगते तुला. लई गोड लागला गं तो घास. एवढ्या दिवसांनी माझ्या भावाच्या हातचा गूळ. थुंकावा वाटलाच न्हाई मला. तेच सोसंना झालंय."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले.

"तो अजून अनवाणी चालालाय," त्या म्हणाल्या. "आणि आता त्याच्याच दारात जायचं हाय. काय सांगू त्याला?"

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, नसू दे की मावशी, नका सांगू. इतकी आम्हाला त्या शब्दांची सवय होती. पण ते मी बोलले नाही. त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि पोत्याचं तोंड शिवायला घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी आली. सगळी चाळ जिन्यात उभी होती. सासूबाईंनी प्रवासासाठी दशम्या बांधून दिल्या, त्या नेहमीसारख्या गुळाच्या. मावशींनी त्या दोन्ही हातांत घेतल्या आणि सासूबाईंना मिठी मारली.

त्या गेल्यावर मी सासूबाईंना सगळं सांगितलं. संक्रांतीला माझ्या सासऱ्यांनी तिळगूळ पुढे केला तेव्हा सासूबाईंनी तो नुसता कपाळाला लावून परत ठेवला. मी त्यांना एकटं गाठून विचारलं तर म्हणाल्या, "तिचो नवस माज्या हातान मोडलो. आता मी धरतंय." मग म्हणाल्या, "तिका सांगूक व्हया मां गो पण. पत्रात काय लिवतलंय असलां? तोंडानच सांगूक व्हया." येत्या मे महिन्यात जाऊ म्हणाल्या. त्या मे महिन्यात नणंदेचं बाळंतपण निघालं. पुढच्या वर्षी सासरे आजारी पडले. दर वर्षी गणपा ढेप घेऊन आमच्या दारात यायचा, मावशींनी पाठवलीय म्हणायचा, आणि सासूबाई त्याच्याकडे निरोप द्यायच्या, "यंदा येतंयच म्हणान सांग."

एका वर्षी गणपानं ढेप खाली ठेवली आणि डोक्यावरची टोपी काढली. मावशी जाऊन महिना झाला होता. सासूबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. मीच विचारलं, "भाऊ कसे आहेत त्यांचे?"

"हायत. अनवाणीच. मसणवट्यातसुदिक तसंच आले."

"आणि मावशी? गूळ खात होत्या का?"

गणपाला प्रश्न विचित्र वाटला. "छ्या! गुऱ्हाळाच्या घरात ऱ्हाऊन कधी खडा तोंडात न्हाई टाकला बाईनं. सगळं गाव म्हणायचं, भाऊ तशी भैन."

म्हणजे मावशींनी भावाला सांगितलं होतं की नाही, हे काही मला कळलं नाही. सांगून पुन्हा धरलं, की न सांगता मन खात राहिलं आणि त्या तशाच बसल्या गुळाच्या वासात? दोन्हींपैकी काहीही असलं तरी त्यांची सोबत करायला इथे परळमध्ये एक मालवणी बाई गूळ सोडून बसली होती, आणि ते त्यांना कुणी जाऊन सांगितलं नाही. एका रात्रीचा प्रवास होता. आम्ही तेवढा केला नाही.

सासूबाई पुढे बरीच वर्षं जगल्या. शेवटच्या दुखण्यात औषधाच्या कडूपणावर कुणीतरी गुळाचा खडा पुढे केला तर त्यांनी ओठ मिटून घेतले. गाव तिकडचं तिकडेच आहे, हे वाचणाऱ्यांना मी सांगायला नको.

आता आमची चाळही राहिली नाही. सुना-नातींचे फोन येतात. आजी, संचारबंदीच्या आमटीला मूग नाहीत, मसूर चालेल? आजी, ताक नाही, दही आहे. मी म्हणते, नसू दे की. बोलताना माझा आवाज थोडा निपाणीकडचा होतो असं नात म्हणते. परवा तिनं विचारलं, "हुग्गीत गुळाऐवजी खजूर घातला तर?" मी म्हटलं, मग ती कर आणि खा, पण तिला हुग्गी म्हणू नको.

मे महिन्याच्या पहिल्या तारखेला मी स्वतः हुग्गी करते. गहू आता कुकरमध्ये शिजतो, खसखस परवडली तर घालते. ह्याही वर्षी केली. गूळ विरघळला, घरभर वास सुटला, डाव हातात तसाच धरून मी सुनेला हाक मारली, "इकडे ये गं जरा. चाखून सांग बघू, गोड पुरेसं झालंय का?"